मॉर्फिनची दीड गोळी : घरी शेवटचे दिवस काढणारा पेशंट आणि नर्सची सही

वैनगंगा

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. मी नर्स आहे. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा झाल्यावर बारा वर्षं वॉर्डात काढली आणि आता चार वर्षं एका संस्थेच्या गाडीतून चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या गावांत घरोघरी जाते. मोठ्या दवाखान्यानं 'आता घरी न्या' म्हटलेले पेशंट माझ्याकडे असतात. त्यात तोंडाचा कॅन्सर सगळ्यात जास्त. आमच्याकडे पानठेल्यावर दिवसभर खर्रा (सुपारी-तंबाखू) घोटला जातो, त्यामुळे कारण वेगळं सांगायला नको.

यंदा पोळ्याच्या आधीची गोष्ट. ६२ वर्षांचे बाबाजी, धानाचे शेतकरी. गालाला आरपार जखम आणि नाकातून नळी. बोलणं बंद झालेलं, म्हणून दुखणं आम्ही आण्यांत मोजायचो. 'दहापैकी किती' हे त्यांना पटेना, सोळा आण्यांचा हिशोब मात्र चटकन कळला. ते बोटं दाखवायचे, सहा आणे, आठ आणे. डॉक्टरांनी दुखणं कमी करायला मॉर्फिनच्या १० मिग्रॅच्या गोळ्या लिहिल्या होत्या. दर चार तासांनी एक आणि झोपताना दोन, म्हणजे मध्यरात्री कोणाला उठायला नको. दिवसाला सहा, पंधरा दिवसांच्या नव्वद. साधी गोळी कुटून पाण्यातून नळीनं देता येते (एसआर लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी, कुटायची नसते, हे घरच्यांना तीनतीनदा सांगावं लागतं).

आठव्या दिवशी रात्री मुलाचा फोन आला. "सिस्टर, बाबाजी चवदा आणे दाखवून रायले. भिंतीवर डोकं आपटून रायले."

काय करायचं ते मला माहीत होतं. झोपाळलेले नव्हते, श्वास नीट, लघवी नीट. जखमेत नवीन काही नाही, हे सकाळीच पाहिलं होतं. डोस १० चा १५ करायचा. चार वर्षांत हे शेकडो वेळा होताना पाहिलंय. पण लिहायचा अधिकार मला नाही. डॉक्टर साठ किलोमीटरवर. तिसऱ्यांदा फोन लागला तेव्हा ते म्हणाले, "दीड दीड करा, सोमवारी पाहू." मी मुलाला सांगितलं. तासाभरानं तो म्हणाला, बाबाजी झोपले.

खरी पंचाईत पुढे झाली. सहाच्या नऊ गोळ्या झाल्या की उरलेल्या बेचाळीस गोळ्या सात दिवसांऐवजी साडेचार दिवसच पुरतात. मध्ये पोळा, तान्हा पोळा, मग रविवार. जिथून गोळ्या मिळतात तिथला माणूस म्हणाला, कार्डावर सहा लिहिलंय, तारखेच्या आधी देता येत नाही. त्याचंही चूक नव्हतं. कार्डावर सहाच होतं. माझ्या वहीत दीड लिहिलेलं, त्याखाली माझी सही, आणि त्या सहीला किंमत शून्य.

इंग्लंडमध्ये नर्स असं औषध स्वतः लिहून देते म्हणतात. आपल्याकडे हे व्हावं का? झालं तर कितपत? तुमचे अनुभव सांगा. फक्त 'सिस्टर, तुम्ही थोर काम करता' एवढंच लिहू नका, पोट भरलंय त्यानं.

तूरडाळ

आमच्या बाबांना दोन वर्षांपूर्वी लिव्हरचा कॅन्सर होता. यवतमाळ जिल्हा, गावाचं नाव नको. गावात येणारा डॉक्टर रोज संध्याकाळी 'दर्दचं इंजेक्शन' द्यायचा, दोन-तीन तास बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. मॉर्फिन हा शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला तेव्हा बाबांचे अकरा दिवस राहिले होते. त्या अकरा दिवसांत त्यांनी नातवाशी पत्ते खेळले. आधीचे तीन महिने आठवले की अजून कोणाला तरी मारावंसं वाटतं. कोणाला, ते कळत नाही.

माझं मत : द्या अधिकार. नर्स तरी घरी येते.

रोखठोक

भावना समजतात, पण मॉर्फिन म्हणजे अफूच की. पंजाबात नशेनं काय झालं ते पाहिलं ना? आज सिस्टरला पेन दिला की उद्या प्रत्येक उपकेंद्रातून गोळ्या बाहेर जातील. डॉक्टर सात-आठ वर्षं शिकतो ते उगीच का?

पीएचसीतला_एमओ

मी वैद्यकीय अधिकारी, विदर्भातच. आधी कायदा सांगतो, मग माझं मत.

१९८५ चा एनडीपीएस, म्हणजे मादक औषधांवरचा, कायदा आला तेव्हा नशेला आळा घालायचा होता. पण परवान्यांची अशी माळ झाली की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच बंद केलं. २०१४ मध्ये दुरुस्ती झाली, 'अत्यावश्यक मादक औषधे' असा वेगळा गट आला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन वगैरे सहा औषधं त्यात आहेत. तेव्हापासून राज्याच्या औषध नियंत्रकांनी मान्यता दिलेली संस्था ही औषधं ठेवू शकते, दहा ठिकाणचे परवाने लागत नाहीत. म्हणजे कागदावर रस्ता मोकळा आहे. पण जिल्ह्यात अशी मान्यता घेतलेल्या संस्था किती, हे विचारलं की सगळे छताकडे बघतात.

दुसरं, फोनवरून. २०२० च्या टेलिमेडिसिनच्या (फोनवरून उपचारांच्या) नियमांत एनडीपीएसमधली औषधं प्रतिबंधित यादीत टाकली आहेत. २०१८ पासून ट्रामाडॉल हे दुखण्याचं औषधही एनडीपीएसखाली आहे. म्हणजे वैनगंगाताई, तुमच्या डॉक्टरांनी 'दीड दीड करा' म्हटलं ते माणुसकीनं योग्य, पण नियम दाखवून कोणी विचारलं तर तेही अडचणीत आणि तुम्हीही.

आता मत. नर्सला अधिकार द्यायला माझा विरोध आहे. तुमच्या हुशारीवर शंका नाही. आपल्याकडे अधिकार देणं म्हणजे जबाबदारी ढकलणं, हे मी रोज बघतो. डॉक्टरची जागा रिकामी, मग सिस्टरला अधिकार द्या, सिस्टरची जागा रिकामी, मग आशाला द्या. शेवटी पोलीस पाटील मॉर्फिन देईल. आणि खरं सांगू? मी स्वतः आजवर मॉर्फिन एकदाही लिहिलेलं नाही. आम्हाला त्याच्याबद्दल शिकवलं ते श्वास बंद पडतो एवढंच.

रोखठोक

बघा, डॉक्टरसुद्धा विरोधात आहेत.

तूरडाळ

डॉक्टरसाहेब, तुम्ही लिहीत नाही, सिस्टरनं लिहायचं नाही. मग माणसानं ओरडत मरायचं का? राग मानू नका.

पीएचसीतला_एमओ

राग नाही. प्रश्न बरोबर आहे, उत्तर माझ्याकडे नाही.

मँचेस्टरची_नागपूरकरीण

जन्म नागपूरच्या महाल भागातला, नर्सिंगही नागपूरलाच, गेली सतरा वर्षं इंग्लंडमध्ये, त्यातली नऊ डिस्ट्रिक्ट नर्स म्हणून. म्हणजे घरोघरी जाणारी. इथलं चित्र सांगते, कारण तिकडून ते फार गुळगुळीत दिसतं.

१९८६ मध्ये ज्युलिया कंबरलेज यांच्या समितीनं सुचवलं की घरोघरी जाणाऱ्या नर्सना काही औषधं लिहू द्या. नर्स जखम बघणार, पट्टी ठरवणार, आणि चिठ्ठीवर सहीसाठी डॉक्टरच्या दारात ताटकळणार, हा प्रकार त्यांना खुळा वाटला. कायदा झाला १९९२ मध्ये. सुरुवातीची यादी अगदी साधी : पट्ट्या, मलमं, पोट साफ व्हायची औषधं. मॉर्फिनसारखी औषधं स्वतःच्या निर्णयानं लिहायची पूर्ण मुभा यायला २०१२ उजाडलं. म्हणजे सव्वीस वर्षं. आणि ती मुभाही वेगळा कोर्स आणि देखरेखीखाली सराव केलेल्या नर्सनाच. माझ्या टीममधल्या सगळ्याजणी काही लिहू शकत नाहीत.

मग रात्री दोन वाजता काय होतं? पेशंट खालावतोय असं दिसलं की डॉक्टर किंवा लिहिणारी नर्स आधीच चार इंजेक्शनं घरात ठेवून घेते. दुखण्याला मॉर्फिन, बेचैनीला मिडाझोलाम, मळमळीला हॅलोपेरिडॉलसारखं काही, आणि घशातल्या घरघरीला एक. सोबत कागद असतो : कशासाठी, किती ते किती, किती वेळानं, दिवसात जास्तीत जास्त किती. रात्री गेलेली नर्स त्या मर्यादेत ठरवते आणि कातडीखाली सुई देते. बहुतेक घरांत 'प्रिस्क्रिप्शन' रात्री होतच नाही, ते आठवडाभर आधी झालेलं असतं.

वैनगंगाताई, तुमची गोष्ट वाचून मला वाटलं की तुम्हाला तो पेन हवा असेल-नसेल, हा कागद आधी हवा.

आणि रोखठोक यांच्यासाठी कडू बाजूही लिहिते. गॉस्पोर्ट नावाच्या गावातल्या हॉस्पिटलबद्दल २०१८ मध्ये चौकशीचा अहवाल आला. १९८९ ते २००० या काळात तिथं ४५० हून जास्त पेशंटचं आयुष्य गरज नसताना दिलेल्या अशा औषधांमुळे कमी झालं होतं. तिथंही 'आधीच लिहून ठेवलेला कागद' होता, पण मर्यादा इतक्या सैल की बैलगाडी जावी. आणि १९९१ मध्ये सर्वांत आधी तक्रार कोणी केली? तिथल्या नर्सनी. त्यांना गप्प बसवलं गेलं. तेव्हा 'नर्सच्या हाती दिलं की धोका' हे इतकं सरळ नाही.

औषधवाला

तालुक्याच्या गावी मेडिकल आहे, वडिलांपासूनचं. खरं सांगतो, मॉर्फिन ठेवत नाही आणि ठेवणारही नाही. महिन्यात एखादा पेशंट येणार, त्यासाठी वेगळं रजिस्टर, कुलूप, गोळीगोळीचा हिशोब, आणि वर तपासणीला आलेल्या साहेबाची नजर. गोळी स्वस्त असते हो. स्वस्त म्हणूनच कोणाला विकायची घाई नाही. महाग येतो तो पॅच, कातडीवर चिकटवायचा.

पॅचवरून आठवलं. गेल्या मे महिन्यात नागपूरहून आलेल्या एका पेशंटच्या छातीवर फेंटानिलचा पॅच होता. घर टिनाचं, बाहेर ४५ डिग्री. पोरगा विचारायला आला की बाबा उठतच नाहीत. मी म्हटलं मला काय विचारतो, गाडी कर अन् जा. पुढं कळलं की उष्णतेनं पॅचमधलं औषध जास्त शोषलं जातं. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असते म्हणे. आमच्या उन्हाळ्याला बारीक अक्षर वाचता येत नाही.

वैनगंगा

औषधवाला दादा, शंभर टक्के खरं. एप्रिल ते जून आम्ही पॅचवाल्या घरी दिवसाआड जातो. कूलरसमोर खाट हलवायची, पॅचवर ऊन किंवा गरम पाण्याची पिशवी येऊ द्यायची नाही, ताप आला की लगेच फोन करायचा. तोच पॅच आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

रोखठोक दादा, नशेबद्दल. तुमची भीती खोटी नाही, म्हणून हिशोब कसा ठेवतो ते सांगते. रिकामी पाकिटं परत घेतो. माणूस गेला की उरलेल्या गोळ्या मोजून, घरच्याची सही घेऊन, परत जमा करतो. घरात एकच माणूस गोळी देणार हे ठरवतो, आणि तो शक्यतो घरातली बाई असते, त्याचं कारण तुम्हाला कळेल. आणि दुखणं असलेल्या माणसाला नियमानं दिलेली गोळी झिंग आणत नाही, झोप आणते, तीही पहिले दोन-तीन दिवस. पेशंट अडतो तो नशेपायी नाही, शौचापायी. बद्धकोष्ठाची गोळी पहिल्या दिवसापासून दिली नाही तर चौथ्या दिवशी पेशंट मॉर्फिन फेकून देतो. हे लिहायला विसरणारे डॉक्टर मी मोजले तर बोटं पुरणार नाहीत.

आणि सगळे मॉर्फिनवरच का अडलेत? बाबाजींच्या जखमेचा वास इतका होता की सुना जेवण दारातून आत सरकवायच्या. मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड जखमेवर टाकली की दोन-तीन दिवसांत वास मरतो, हे मला माहीत. जखमेत अळ्या झाल्या तर टर्पेंटाइनचा बोळा लावून एकेक काढायच्या, हेही येतं. पण मेट्रोनिडाझोलसुद्धा चिठ्ठीवरचं औषध. वासासाठी माणूस एकटा पडतो, नातू जवळ येत नाही, आणि मी डॉक्टरच्या सहीची वाट पाहते. या यादीला कोण 'अफू' म्हणणार?

झाडीबोली

इथं एक गोष्ट कोणीच काढली नाही म्हणून आश्चर्य वाटतं. आपल्याच गडचिरोलीत, शोधग्रामच्या डॉक्टर बंग दांपत्यानं नव्वदच्या दशकात ३९ गावांत काय केलं? गावातल्याच बायांना शिकवलं आणि त्या तान्ह्या बाळांना न्यूमोनिया-सेप्सिस (अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग) ओळखून जेन्टामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायच्या. तेव्हाही हेच सगळे प्रश्न विचारले गेले असणार. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आकडे आले : तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. आज एएनएमला (उपकेंद्रातल्या नर्सला) बाळंतपणात झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस द्यायची परवानगी आहे, ऑक्सिटोसिनची आहे. म्हणजे जीव येताना आपण नर्सवर भरवसा ठेवला. जाताना का नाही?

युगांडानं तर २००४ मध्ये नियम बदलून वेगळं शिक्षण घेतलेल्या नर्सना तोंडानं घ्यायचं मॉर्फिन लिहायची परवानगी दिली. तिथं पावडर पाण्यात कालवून, रंग टाकून बाटल्या भरतात. आपल्यापेक्षा गरीब देश.

केरळचं उदाहरणही सगळे देतात. २००८ मध्ये त्यांचं पॅलिएटिव्हचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या पेशंटचा त्रास कमी करायच्या सेवेचं, धोरण आलं, पंचायतीची नर्स घरोघरी जाते. पण तिथंही चिठ्ठी डॉक्टरचीच, हे सांगायचं राहून जातं. आपल्या राज्याचं धोरण २०१२ चं. केरळनंतर चारच वर्षांनी. कागद काढण्यात आपण कधी मागे नसतो.

पीएचसीतला_एमओ

झाडीबोली, तुलना आवडली पण एक फरक आहे. जेन्टामायसिन दिलं आणि बाळ वाचलं, तर गाव डोक्यावर घेतं. इथं औषध बरोबर दिलं तरी माणूस जाणारच आहे.

मध्यममार्ग कायद्यात आहे, तोही सांगतो. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२ मध्ये 'सामुदायिक आरोग्य पुरवठादार' असा मर्यादित परवाना आहे. प्राथमिक आणि प्रतिबंधक उपचारांत ठरावीक औषधं स्वतः लिहायची, बाकी डॉक्टरच्या देखरेखीखाली. तेव्हा डॉक्टरांनी संप केले होते, मीही काळी फीत लावली होती. पॅलिएटिव्ह त्यात बसतं का यावर वकील भांडतील. आणि उपकेंद्रातल्या सीएचओच्या (समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या) कामांच्या यादीत वृद्ध आणि पॅलिएटिव्ह सेवा लिहिलेलीच आहे. औषधांच्या कपाटात बहुतेक वेळा पॅरासिटामॉल असतं.

आशा_गडचिरोली

मी आशा आहो. मोठं लिवता येत नाई. वरचे सगळे शिकलेले बोलून रायले, मी गावातलं सांगतो.

आमच्या गावात एका बुढीले सिस्टरनं रातच्याले सुई देल्ली. डाक्टरनं लिवून देल्लेलीच होती. बुढी पहाटं गेली. ते तशीबी जाणार होती, चार दिसापासून पाणी पोटात नोयतं. पन जावई म्हने सुई देल्ली अन् मेली. सिस्टर सा महिने त्या गावात गेली नाई. मलेबी लोक विचारत, तू होती ना संगं.

तर अधिकार द्या म्हनता तं द्या. पन सुई द्याच्या पयले घरच्या चार लोकायले बसवून सांगा का बुढी जाणार हाय, सुई दुखनं कमी करासाठी हाय, जगवासाठी नाई अन् मारासाठी नाई. अन् हे डाक्टरनं सांगावं. आमच्या तोंडून सांगतलं तं कोनी आयकत नाई.

रोखठोक

ताई, तुमचं वाचून गप्प झालो.

मँचेस्टरची_नागपूरकरीण

आशाताई, इथंही हेच आहे बघा. शेवटचं इंजेक्शन देणारी नर्स कित्येक वर्षं विसरत नाही. माझ्या पहिल्या पेशंटच्या घरच्या भिंतीचा रंग मला आजही आठवतो.

पीएचसीतला_एमओ

आशाताईंचं वाचून दोन दिवस डोक्यात होतं. मला जे 'अधिकार' वाटत होतं ते निम्मं काम माझंच आहे आणि मी ते करत नाही. घरच्यांना बसवून सांगणं माझं. मर्यादा आखून देणं माझं. मी ते केलं तर सिस्टरला रात्री माझी गरज लागू नये.

वैनगंगाताई, तुमच्या बाबाजींचं पुढं काय झालं? आणि गोळ्यांचं?

वैनगंगा

गोळ्यांचं असं झालं की शुक्रवारी मी स्वतः एसटीनं डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कार्ड बदलून दिलं आणि त्याच वेळी आम्ही दोघांनी बसून एक कागद केला. मँचेस्टरच्या ताईंनी सांगितलं तसाच साधारण, तेव्हा मला इंग्लंडचं काही माहीत नव्हतं. त्यावर असं :

मॉर्फिन १५ मिग्रॅ दर चार तासांनी. मध्येच दुखलं तर तेवढाच एक जादा डोस, दिवसात जास्तीत जास्त तीन. तीन जादा सलग दोन दिवस लागले तर सिस्टरनं चार तासांचा डोस २० करावा, त्याच्या वर डॉक्टरला विचारल्याशिवाय जाऊ नये. पेशंट हाक मारूनही नीट जागा होत नसेल, श्वास मिनिटाला आठच्या खाली गेला असेल, हातपाय झटके देत असतील, बडबड करत असेल किंवा लघवी फार कमी झाली असेल तर डोस वाढवू नये, पुढचा थांबवून फोन करावा. लघवीचं मी मुद्दाम घालायला लावलं. किडनी थकली की मॉर्फिन अंगात साचतं, आणि उन्हाळ्यात आमच्याकडे अर्धे पेशंट पाण्याविना सुकलेले असतात. गोळ्यांचा हिशोब जादा डोस धरून केला, म्हणजे सुट्ट्या आल्या तरी ओढाताण नको. खाली डॉक्टरांची सही, माझी सही, मुलाची सही.

हा कागद कायद्यात किती टिकेल ते डॉक्टरसाहेब तुम्हीच सांगा. पण देणाऱ्याला कळत होतं की काय, किती आणि कधी थांबायचं.

पोळ्याच्या दिवशी बाबाजी सहा आण्यांवर होते. बैल दारात आणले, मुलानं त्यांचा हात बैलाच्या वशिंडावर ठेवला. त्यानंतर नऊ दिवस. डोस २० वर एकदाच न्यावा लागला, तो मी नेला, रात्री अकराला, कागदावर लिहून. गेले त्या दिवशी मी तिथं नव्हते. दहाव्याच्या आधी मुलाची आई स्वतः येऊन उरलेल्या गोळ्या देऊन गेल्या. हळदीच्या डब्यात ठेवल्या होत्या, सगळ्या पिवळ्या झालेल्या. एकवीस. वहीशी जुळल्या.

औषधवाला

हळदीच्या डब्यात! पोरं हात लावत नाहीत म्हणून असणार.

वैनगंगा

हो, तेच म्हणाल्या.

पीएचसीतला_एमओ

तो कागद नावं झाकून मला पाठवता येईल का? आमच्याकडे सध्या दोन पेशंट आहेत, एक गळ्याचा, एक गर्भाशयाचा. मॉर्फिन जिल्ह्याच्या ठिकाणाहून आणायची सोय होतेय का ते बघतो. आणि बद्धकोष्ठासाठी तुम्ही काय लिहून घेतलं होतं ते राहिलं सांगायचं.

वैनगंगा

पाठवते. बिसाकोडिल, रात्री दोन गोळ्या. मात्र ती कुटायची नसते, नळीवाल्या पेशंटला चालत नाही, म्हणून बाबाजींना पातळ औषध दिलं होतं. तुमच्या गळ्याच्या पेशंटला गिळता येतं का ते आधी बघा.